अचानक कंबर धरली: झोपून राहायचं, शेकायचं की एमआरआय काढायचा?

प्रश्न

दादाची (वय ४१) काल सकाळी कंबर धरली. जमिनीवरची जड पेटी उचलायला वाकला आणि तसाच अर्धवट राहिला, सरळ होता येईना. आता धड एका बाजूला कललं आहे. कूस बदलताना कळ येते, शिंक आली तर डोळ्यांत पाणी येतं. दुखणं कमरेत आणि उजव्या कुल्ल्याच्या वरच्या भागात आहे, पायात काही नाही. ताप नाही, पडलेला नाही. रक्तदाबाची गोळी चालू आहे, बाकी आजार नाही.

घरात प्रत्येकाचं वेगळं म्हणणं. आठवडाभर फळीवर झोपवा, आजच एमआरआय काढा, ‘मणक्यात गॅप’ आला असेल, बर्फ लावा, शेक द्या, पट्टा बांधा. यातलं खरंच काय करायचं? गोळी कुठली चालेल? आणि लगेच दवाखान्यात न्यायचं हे नेमकं कशावरून ठरवायचं?

प्रतिसाद १ (अस्थिरोगतज्ज्ञ)

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. दादांना पुढचे प्रश्न न लाजता, स्पष्ट शब्दांत विचारा. लघवी नेहमीसारखी होते आहे का? की लागल्यासारखं वाटूनही उतरत नाही, किंवा लागल्याचं कळतच नाही? शौचानंतर स्वच्छ करताना तिथला स्पर्श नेहमीसारखा जाणवतो का? सायकलच्या सीटला टेकणारा भाग, म्हणजे गुदद्वाराभोवतीची जागा, जननेंद्रियं आणि मांड्यांची आतली बाजू बधिर झाली आहे का? दोन्ही पायांत कळ किंवा अशक्तपणा आहे का? चालताना एखादं पाऊल जमिनीला घासतं का?

यातलं एक जरी नव्याने सुरू झालं असेल तर सकाळ होण्याची वाट बघू नका, रात्रीच तातडीच्या विभागात न्या. पाठीच्या कण्याच्या खालच्या भागात नसांचा एक जुडगा असतो. घोड्याच्या शेपटीसारखा दिसतो म्हणून त्याला कॉडा इक्विना म्हणतात. चकतीचा (दोन मणक्यांमधल्या लवचीक गादीचा) मोठा तुकडा त्यावर दाबला गेला आणि तो दाब वेळेत काढला नाही, तर लघवी-शौचावरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. हे क्वचित घडतं, पण इथे तास मोजावे लागतात. आणि दुखणं कमी होतंय पण बधिरपणा वाढतोय, असं असेल तर त्याला सुधारणा समजू नका.

त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायची आणखी कारणं: ताप किंवा थंडी वाजणं, आधी कधी कर्करोग झालेला असणं, कारण नसताना वजन उतरणं, कुठल्याच स्थितीत न थांबणारं, रात्री वाढणारं दुखणं, पडणं किंवा अपघात. म्हाताऱ्या माणसाला किंवा बरेच महिने स्टिरॉइड घेणाऱ्याला तर साधा धक्का लागूनही मणका दबू शकतो.

काही दुखणी कमरेत जाणवतात पण कमरेची नसतात. ओळखायची एक चांगली खूण आहे. कंबर धरलेला माणूस एक बरी स्थिती शोधतो आणि तिथे गोठून पडतो. मूतखड्याची कळ आलेला माणूस एका जागी राहूच शकत नाही. उठतो, बसतो, येरझाऱ्या घालतो, त्याला मळमळतं. कळ बरगडीखालून जांघेकडे उतरते, कधी लघवी लालसर होते. साठीच्या पुढच्या, विशेषतः धूम्रपान करणाऱ्या माणसाला अचानक पाठीत-पोटात जोरात दुखून घेरी आली, तर पोटातली मुख्य रोहिणी फुगून फुटत असण्याची शक्यता असते. त्याला थेट रुग्णालयातच न्यायचं. पाळी चुकलेल्या बाईला कंबर-ओटीपोटात दुखून चक्कर येत असेल तरीही तसंच.

तुम्ही लिहिलेल्या लक्षणांत यातलं काही दिसत नाही. मग झालंय काय? आपण ज्याला उसण भरणं म्हणतो तेच. वाकताना एखाद्या स्नायूला, मणक्यांमधल्या छोट्या सांध्याला किंवा चकतीच्या बाहेरच्या कड्याला ताण बसतो आणि आजूबाजूचे स्नायू त्या भागाला जखडून टाकतात. धड कललंय ते या जखडण्यामुळे, मणका सरकल्यामुळे नाही. नेमकी कुठल्या भागाला इजा झाली हे बहुतेक वेळा कुठल्याच तपासणीत कळत नाही, आणि कळलं तरी पहिल्या काही आठवड्यांचे उपचार बदलत नाहीत. कळ किती जोराची आहे यावरून इजा किती मोठी आहे हे ठरत नाही, हे दादांना आवर्जून सांगा. भीतीने माणूस अंग आखडून धरतो आणि आखडलेलं अंग जास्त दुखतं.

‘मणक्यात गॅप’ हा शब्द तर मला फार खटकतो. वयानुसार चकतीतलं पाणी कमी होतं, ती बसते आणि दोन मणक्यांमधली जागा कमी होते. म्हणजे गॅप पडत नाही, असलेली फट अरुंद होते. पण हा शब्द ऐकलेला माणूस पुढे वर्षानुवर्षं वाकायला घाबरतो.

एमआरआय आज नको. २०१५मध्ये, कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात चाळिशीतल्या ६८ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या आणि ५० टक्के लोकांच्या फुगलेल्या दिसल्या. विशीतसुद्धा झीज ३७ टक्क्यांत होती. हे सगळे ठणठणीत लोक. उद्या दादांचा एमआरआय काढला तर त्यात काहीतरी निघण्याची शक्यता मोठी आहे आणि त्याचा या दुखण्याशी संबंध असेलच असं नाही. वरची धोक्याची लक्षणं असतील, पायातली ताकद कमी होत असेल, किंवा सहा आठवड्यांनंतरही फरक नसेल, तेव्हा एमआरआयचा खरा उपयोग होतो.

प्रतिसाद २ (फिजिओथेरपिस्ट)

फळीवर आठवडाभर झोपवण्याचा सल्ला पूर्वी डॉक्टरही देत असत. १९८६मध्ये दोन दिवस आणि सात दिवस विश्रांती यांची तुलना झाली. दुखण्यात फरक पडला नाही, पण दोन दिवसवाले कामावर लवकर परतले. १९९५मध्ये हेलसिंकीतल्या अभ्यासात तर झोपून राहणाऱ्यांपेक्षा आणि लगेच व्यायाम सुरू करणाऱ्यांपेक्षाही, सोसेल तितकी रोजची कामं करत राहिलेले लवकर बरे झाले. म्हणून पहिल्या एक-दोन दिवसांत आडवं व्हावंसं वाटलं तर खुशाल व्हावं, पण तासाभराने उठून चार पावलं टाकावीत. फळी नकोच. नेहमीची, फार खोल न जाणारी गादी पुरते.

आडवं होताना दोन स्थिती सोयीच्या. पाठीवर झोपून गुडघ्यांखाली दोन उशा, किंवा कुशीवर झोपून दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये एक जाड उशी. कळ फारच असेल तर जमिनीवर सतरंजी घालून पाठीवर झोपायचं आणि पोटऱ्या खुर्चीवर ठेवायच्या, म्हणजे कंबर आणि गुडघे दोन्हीकडे काटकोन होतो. दहा-पंधरा मिनिटांत स्नायू सैल पडायला लागतात.

सगळ्यात जास्त कळ उठताना येते, कारण पाठीवरून सरळ उठून बसायला जातात. तसं करू नका. पाठीवर असताना आधी दोन्ही गुडघे वाकवून पाय गादीवर टेकवा. मग खांदा, कंबर आणि गुडघे एकत्र, ओंडका लोळवावा तसे, पलंगाच्या कडेकडे वळवा. कंबरेत पीळ पडता कामा नये. आता कुशीवर आहात. पावलं कडेवरून खाली सोडा आणि त्याच वेळी खालच्या हाताचं कोपर व वरच्या हाताचा तळवा गादीवर दाबा. पाय खाली जातात तसं त्यांच्या वजनाने धड वर येतं, पाठीला फारसं काही करावं लागत नाही. हे सगळं श्वास सोडत करायचं. श्वास रोखला की पोट आवळतं आणि स्नायू पुन्हा जखडतात. बसल्यावर अर्धा मिनिट थांबा, मग हात मांड्यांवर टेकून उभे राहा. झोपताना हाच क्रम उलटा.

शिंक किंवा खोकला येतोय असं वाटलं की गुडघे किंचित वाकवा, एक हात टेबलावर किंवा भिंतीवर टेका आणि पाठ जराशी मागे कलती ठेवा. पुढे वाकून शिंकलं की चकतीवर एकदम दाब येतो. शौचाला कुंथणं हाही तसाच दाब आहे, म्हणून या दिवसांत पाणी भरपूर प्या.

बर्फ की शेक? या दुखण्यात शेकाने आराम पडतो याला आधार आहे, बर्फाला तेवढा नाही. पण एखाद्याला बर्फानेच बरं वाटत असेल तर कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं लावायला हरकत नाही. शेकाची पिशवी दोन तृतीयांश भरा, आतली हवा दाबून काढा, मगच बूच लावा. पाणी उकळतं नको, पिशवीभोवती टॉवेल हवा. १५ ते २० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. पिशवीवर झोपून जाऊ नका. रोज तासन्‌तास शेकल्याने कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग पडतात, आणि मधुमेहामुळे स्पर्श कमी झालेला असेल तर भाजलेलं कळतही नाही.

चालणं हे औषधासारखं, मापात घ्यायचं. पहिल्या दिवशी दर तास-दोन तासांनी पाच मिनिटं, घरातल्या घरात. कळ थोडी वाढून दहा मिनिटांत पूर्ववत होत असेल तर ते माप बरोबर आहे. दुसऱ्या दिवशीपर्यंत वाढलेलीच राहिली तर निम्मं करा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पाठीवर, गुडघे वाकवून, कंबर हळू गादीकडे दाबायची आणि सोडायची, दहा वेळा. मग एकेक गुडघा हाताने छातीकडे आणायचा, पाच सेकंद, पाच-पाच वेळा. जोर नको.

पट्टा प्रवासात किंवा अर्धा तास उभं राहावं लागणार असेल तेव्हा बांधा, घरी आल्यावर काढा. दिवसभर बांधून ठेवण्याने दुखणं लवकर जात नाही, उलट पट्टा नसला की माणूस हालचालीला घाबरतो. आणि कृपा करून कंबरेला झटका देऊन ‘हाड बसवणाऱ्या’कडे नेऊ नका. हाड सरकलेलंच नाही, तर बसवणार काय? पायात मुंग्या किंवा अशक्तपणा असताना असा झटका बसला तर चकतीचा तुकडा आणखी बाहेर येऊ शकतो.

प्रतिसाद ३ (औषधनिर्माता)

रक्तदाबाची गोळी चालू आहे असं लिहिलंत ते फार बरं केलंत. गोळी निवडताना तोच मुद्दा आधी येतो.

या दुखण्यात आयबुप्रोफेन किंवा नॅप्रॉक्सेन जातीची सूज-वेदनाशामकं कामी येतात. आयबुप्रोफेनचं नेहमीचं माप ४०० मिलिग्रॅम, जेवणानंतर, दिवसातून तीन वेळा, तीन ते पाच दिवस. डॉक्टरांना न विचारता दिवसाला १२०० मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही. पण ही औषधं रक्तदाब वाढवतात आणि मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त कमी करतात. दादांच्या गोळीच्या पाकिटावर कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरांत मूळ औषधाचं नाव असतं, ते वाचा. शेवट ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ असेल, आणि त्यात लघवी वाढवणारं औषधही असेल (त्याचं नाव बहुधा ‘थायाझाइड’ने संपतं), तर त्या दोघांत वेदनाशामकाची भर पडून मूत्रपिंड अचानक बिघडू शकतं. उलट्या-जुलाब होत असतील किंवा पाणी कमी प्यायलं जात असेल तर धोका जास्त. म्हणून या बाबतीत आधी त्यांच्या डॉक्टरांना फोन करा. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार, रक्त पातळ करणारी गोळी, गरोदरपण, वेदनाशामकाने दमा उसळण्याचा त्रास, यातलं काही असेल तरीही स्वतःहून घेऊ नका.

नेहमी होणारी चूक म्हणजे एकाच जातीची दोन औषधं एकत्र घेतली जातात. एका पाकिटात डायक्लोफेनॅक आणि पॅरासिटॅमॉल, दुसऱ्यात आयबुप्रोफेन आणि पॅरासिटॅमॉल. दोन्ही ‘वेगवेगळ्या गोळ्या’ म्हणून घेतल्या की पोटाला दुप्पट मार आणि पॅरासिटॅमॉलही दुप्पट. डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन थोडं लवकर लागू पडतं, पण पोटावर आणि मूत्रपिंडावर त्याचा परिणाम गोळीसारखाच होतो. इंजेक्शन घेतलं म्हणून वर गोळीही घ्यायची मोकळीक मिळत नाही.

नुसतं पॅरासिटॅमॉल? २०१४च्या मोठ्या चाचणीत, १६००हून अधिक रुग्णांत, पॅरासिटॅमॉल घेणारे १७ दिवसांत बरे झाले आणि औषध नसलेली गोळी घेणारे १६ दिवसांत. म्हणजे बरं होण्याचा वेग त्याने वाढत नाही. या आकड्यातला दिलासाही बघा: औषध न घेता निम्मे लोक साधारण दोन-अडीच आठवड्यांत बरे झाले. पोटामुळे दुसरं काही घेता येत नसेल तर पॅरासिटॅमॉल घेऊन बघायला हरकत नाही, पण सगळी पाकिटं धरून मोठ्या माणसाला २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही.

स्नायू सैल करणारं टिझॅनिडीन डॉक्टर रात्रीसाठी देतात. त्याने झोप येते आणि रक्तदाब उतरतो. रक्तदाबाच्या गोळीबरोबर घेतलं आणि रात्री लघवीला झटकन उठलं तर भोवळ येऊन पडायला होतं. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी वगैरे सिप्रोफ्लॉक्सॅसिन चालू असेल तर टिझॅनिडीन अजिबात नको, रक्तातलं त्याचं प्रमाण कित्येक पटींनी वाढतं. अफूवर्गीय वेदनाशामकांचा २०२३च्या चाचणीत सहा आठवड्यांनी काहीच फायदा दिसला नाही, आणि सवय लागण्याचा धोका आहेच. ती मागू नका.

प्रश्नकर्ती (पाचवा दिवस)

सगळ्यांचे मनापासून आभार. उठण्याची पद्धत पहिल्याच दिवशी उपयोगी पडली. गोळी डॉक्टरांना विचारून घेतली. कंबर निम्म्याने हलकी आहे, धडही बरंच सरळ झालंय. पण कालपासून उजव्या कुल्ल्यातून पोटरीच्या बाहेरच्या बाजूने अंगठ्यापर्यंत मुंग्या येतात. गुडघा छातीकडे घेतला की वाढतात. लघवी, शौच, स्पर्श नेहमीसारखं आहे. आता घाबरायचं का?

प्रतिसाद ४ (अस्थिरोगतज्ज्ञ)

घाबरू नका, पण आजच ताकद तपासा. तुम्ही सांगितलेला मुंग्यांचा पट्टा बहुधा पाचव्या कंबर-मणक्याच्या नसेचा आहे. तिची ताकद अंगठ्यात कळते. दादांना खुर्चीत बसवा, दोन्ही पायांचे अंगठे स्वतःच्या नाकाकडे वर ओढायला सांगा. तुमची तर्जनी अंगठ्याच्या नखावर ठेवून खाली दाबा, आधी डावीकडे, मग उजवीकडे. नीट ताकद असेल तर बोटाच्या जोराने अंगठा खाली जात नाही. उजवा सहज खाली गेला तर नस कमजोर आहे. मग टाचांवर दहा पावलं चालायला सांगा, उजवा चवडा खाली पडतो का बघा. शेवटी भिंतीला हात लावून एकेका पायावर टाच उचलायला सांगा, पाच-पाच वेळा, म्हणजे खालची नसही तपासली जाते. दुखल्यामुळे थांबणं वेगळं आणि दुखत नसताना न उचलणं वेगळं. दुसऱ्यालाच अशक्तपणा म्हणायचं.

ताकद दोन्हीकडे सारखी असेल तर ही साधी सायटिका, म्हणजे कमरेतली नस दाबल्याने पायात उतरणारं दुखणं, आहे. याच आठवड्यात एकदा प्रत्यक्ष तपासून घ्या, पण उपचार आधीसारखेच. चकतीतून बाहेर आलेला तुकडा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं. एमआरआयवर भला मोठा दिसणारा तुकडाही काही महिन्यांत बारीक झालेला दिसतो. बहुतेकांची कळ सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेशिवाय ओसरते. पण अंगठा कमजोर असेल तर उद्याच्या उद्या दाखवा. चवडा पूर्ण लोंबत असेल तर आजच.

प्रतिसाद ५ (फिजिओथेरपिस्ट)

गुडघा छातीकडे घेण्याचा व्यायाम आजपासून बंद. दुखणं किंवा मुंग्या कमरेतून पावलाकडे उतरवणारी हालचाल नको, पावलाकडून कमरेकडे परत आणणारी हवी, मग त्यात कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. पालथं झोपून बघा, दोन मिनिटं. मुंग्या वाढल्या नाहीत तर कोपरांवर टेकून छाती उचला, पोट आणि कंबर सैल सोडून, एक-दोन मिनिटं, दर दोन-तीन तासांनी. मुंग्या अंगठ्यातून मागे सरत पोटरीत, मग मांडीत थांबायला लागल्या तर योग्य दिशा सापडली. पावलाकडे वाढल्या तर लगेच थांबा आणि प्रत्यक्ष तपासणीपर्यंत फक्त चाला.

सकाळी उठल्यावर पहिला तासभर कंबरेत वाकू नका. रात्रभर आडवं असल्याने चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि तेव्हा वाकण्याचा ताण जास्त बसतो. मोजे खुर्चीत बसून, पाऊल वर घेऊन घाला. दात घासताना एक हात बेसिनवर टेका.

पेटी उचलायची घाई नको. कळ गेल्यावर सुरुवात २-३ किलोपासून, टेबलाच्या उंचीवरून. वजन पोटाला चिकटून हवं. तेच वजन हात लांब करून धरलं की कंबरेवरचा भार कित्येक पटींनी वाढतो. वळायचं असेल तर पावलं वळवा, कंबर नाही. जमिनीवरून उचलणं सगळ्यात शेवटी.

कंबर पुन्हा धरणं फार सामान्य आहे, त्यासाठी चालण्याइतकं सोपं काही नाही. २०२४च्या एका ऑस्ट्रेलियन चाचणीत, नुकतेच कंबरदुखीतून बरे झालेले ७०१ लोक होते. फिजिओच्या मार्गदर्शनाखाली हळूहळू आठवड्यातून पाच दिवस, रोज ३० मिनिटं चालण्यापर्यंत जाणाऱ्यांची कंबर पुन्हा धरेपर्यंत मध्यक (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) २०८ दिवस गेले, काहीच न करणाऱ्यांचे ११२. दादांनी आत्ताची पाच-पाच मिनिटं दर आठवड्याला थोडी वाढवत तिथपर्यंत न्यावीत. अंगठ्याची तपासणी केल्यावर काय निघालं ते इथे नक्की लिहा.